नॉमिक: नियम आपणच करायचे, मग डाव सगळ्यांना सारखा राहतो का? (दीड महिना, चार डाव, एक वही)

भाऊजी दर वेळी सगळ्यात शेवटी मत देतात हे आमच्या लक्षात यायला तीन फेऱ्या गेल्या. आम्हाला वाटायचं ते फोनमध्ये असतात म्हणून उशीर होतो, ताई तर दोनदा ओरडली पण की अहो लक्ष कुठंय तुमचं, हो का नाही ते सांगा. आणि ते सावकाश मान वर करून, कोणी काय मत दिलंय ते एकदा बघून, "माझा विरोध" म्हणायचे. ठराव तरी पास व्हायचाच, आणि भाऊजींना १० पॉइंट. पंचविसावी पाळी संपली तेव्हा ते ७८ वर आणि आम्ही बाकीचे चौघं तिशी-चाळिशीत लटकलेलो.

हे का झालं ते सांगायचं तर आधी खेळ सांगावा लागेल.

नॉमिक हा दुकानातून डबा आणून खेळायचा खेळ नाहीये. पीटर सबर नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने १९८२ मध्ये हा बनवला, अमेरिकेतल्या अर्लहम कॉलेजात शिकवायचे ते, आणि त्याच वर्षी जूनमध्ये डग्लस हॉफस्टॅटर यांच्या सायंटिफिक अमेरिकनमधल्या सदरातून तो सगळीकडे पोचला. नाव ग्रीकमधल्या कायदा ह्या अर्थाच्या शब्दावरून. मिळतं काय तर २९ नियमांचा मजकूर, तो छापून घ्यायचा, एक फासा घ्यायचा, एक वही घ्यायची, झालं. आपल्या पाळीला सोंगटी पुढे न्यायची नसते, एक नियम मांडायचा असतो. नवा आणा, जुना बदला, जुना काढून टाका, काहीही. सगळे मत देतात. मग फासा टाकायचा, जे दान पडेल तेवढे पॉइंट आपले. आधी १०० करेल तो जिंकला.

ह्या २९ पैकी १०१ ते ११६ हे सोळा नियम अढळ आणि २०१ ते २१३ हे तेरा बदलता येणारे. अढळ म्हणजे कायमचे अढळ नाहीत हां, सगळ्यांनी एकमताने ठरवलं तर त्यातलाही एखादा खाली उतरवून बदलत्या गटात टाकता येतो, आणि मग त्याला हात लावता येतो. नवीन ठरावांचे नंबर ३०१ पासून सुरू होतात, पास होवो न होवो नंबर खर्च झाला.

मी हे सगळं वाचलं तेव्हा पहिला विचार हाच आला की असा डाव पाच मिनिटांत मोडणार. कोणीतरी "मी जिंकलो" असा नियम मांडणार, मित्राला पटवणार आणि संपलं. तसं होत नाही. आणि का होत नाही हे शोधण्यातच मला जास्त मजा आली, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

पहिली गोष्ट, पहिल्या दोन फेऱ्यांत ठराव पास व्हायला एकमत लागतं. त्यानंतर नियम २०३ आपोआप साध्या बहुमतावर येतो, म्हणजे तोपर्यंत कोणी बदलला नसेल तर. हे फार हुशारीचं आहे, कारण सुरुवातीला कुणालाच खेळ माहीत नसतो आणि त्या वेळी कोणी कोणाला गंडवू शकत नाही, एक माणूस जरी नाही म्हणाला तरी ठराव पडतो. ठराव पडला की मांडणाऱ्याचे १० पॉइंट कापले जातात. फाशावर सरासरी साडेतीन पडतात हे लक्षात घ्या, म्हणजे एक पडलेला ठराव भरून काढायला तीन पाळ्या लागतात. त्यामुळे माणूस काहीही मांडत नाही, चार जणांच्या तोंडाकडे बघून मांडतो.

आणि नुसत्या फाशावर १०० करायचे तर साधारण २९ पाळ्या. पाच जणांच्या मिळून १४५. एका ठरावाला दहा मिनिटं धरली (आमच्याकडे दहा मिनिटांत फक्त पेन सापडायचं) तरी चोवीस तास झाले. हे मुद्दामच कंटाळवाणं ठेवलंय, म्हणजे लोक वैतागून पॉइंटचे नियमच बदलायला घेतात. आमच्याकडे ३०२ नंबरलाच दोन फासे झाले होते.

आता भाऊजींचं प्रकरण. नियम २०४ म्हणतो की एकमत लागेनासं झालं की, ठरावाच्या विरोधात मत देऊनही ठराव पास झाला तर विरोध करणाऱ्या प्रत्येकाला १० पॉइंट. पहिल्यांदा वाचताना हा नियम मला खुळ्यासारखा वाटला. हरणाऱ्याला बक्षीस कशाला? पण बहुमताच्या खेळात तिघं एकत्र आले की उरलेल्या दोघांचं काही चालत नाही, त्या दोघांनी मग बसायचं कशाला, घरी जावं. त्यांना बसवून ठेवणारा नियम हा. तिघांनी ठराव रेटला तर रेटा, पण प्रत्येक वेळी त्या दोघांच्या खात्यात दहा-दहा टाका. माझ्या मते सगळा समतोल ह्या एका नियमावर तोललेला आहे, बाकीचे २८ फक्त त्याला धरून उभे आहेत.

पण नियमांत कुठेही लिहिलेलं नाही की मत एकदम द्यायचं का एकेकाने. आम्ही आपले गोल फिरत तोंडाने सांगायचो. आता विचार करा, पाच जण, पास व्हायला तीन मतं. तुमच्या आधी तिघांनी हो म्हटलंय. तुम्ही हो म्हणून काय मिळणार? काही नाही. नाही म्हणून? दहा पॉइंट, फुकट, एका पाळीच्या फाशापेक्षा जास्त. म्हणजे जो शेवटी बोलतो तो राजा. भाऊजींना हे ३११ नंबरलाच कळलं आणि ते फोनमागे लपले.

मग माझ्या पाळीला मी ३२६ मांडला: सगळ्यांनी मूठ पुढे करायची, एक-दोन-तीन म्हटलं की उघडायची, अंगठा वर म्हणजे हो, मूठ बंद म्हणजे नाही. चार विरुद्ध एक, पास. आणि तो एक कोण ते सांगायला नको. म्हणजे भाऊजींना रोखायला केलेल्या नियमाने भाऊजींना आणखी १० पॉइंट दिले, ७८ चे ८८ झाले, आणि दोन फेऱ्यांनी ते जिंकले. ताई म्हणाली, "तुम्ही घरी पण असंच करता, शेवटी बोलता आणि तुमचंच होतं." भाऊजी म्हणाले, "विरोध नोंदवून घे."

पण मूठ उघडायला लागल्यापासून खेळ वेगळाच झाला. आता प्रत्येकाला वाटतं की हा ठराव पास व्हावा पण माझ्या मताशिवाय व्हावा. चौघांनी असाच विचार केला की चार मुठी बंद आणि मांडणारा बिचारा अंगठा वर करून बसलेला, उणे दहा. असं दोन वेळा झालं, दोन्ही वेळा ठराव चांगला होता, सगळ्यांना हवा होता. हसून हसून पुरेवाट. त्यानंतर लोक खरंच ठराव वाचायला लागले.

दुसऱ्या डावात माझ्या मैत्रिणीने (ती प्रोग्रामर आहे, हे पुढे येईल) एक साधा दिसणारा नियम आणला: चष्मा लावणाऱ्याला दर पाळीला २ पॉइंट जादा. पाचातले तिघं चष्मेवाले. पास. मी आणि भाऊजी बिनचष्म्याचे, आम्हाला विरोधाचे १०-१० मिळाले. आता हिशोब बघा, दर पाळीला २ म्हणजे पाच फेऱ्यांत १०. म्हणजे पाच फेऱ्यांपर्यंत चष्मेवाल्यांना ह्या नियमाचा छदामही फायदा नाही, सहाव्या फेरीपासून फायदा सुरू. कोणी ठरवून केलं नव्हतं पण अन्याय करणाऱ्या नियमाला आपोआप पाच फेऱ्यांची किंमत लागली. मला हे फार आवडलं.

आणि पुढच्याच पाळीला भाऊजी आतून गॉगल घालून आले. रात्रीचे साडेदहा. धाकट्याने (माझा भाऊ, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला हा खेळ म्हणजे दिवाणी कोर्टच) आक्षेप घेतला. नियमात नंबरचा चष्मा असं लिहिलंय का? नाही. नियम ११६ काय म्हणतो, जे कुठल्या नियमाने अडवलेलं नाही ते चालतं, अपवाद फक्त नियम बदलण्याचा. भाऊजींचा गॉगल पास झाला. मग मी पण ताईचा जुना चष्मा लावला आणि फासा कुठे पडला तेच दिसेना.

ह्यातून एक कळलं की नियम नावाने केला तर लोक लगेच पकडतात, पण सगळ्यांसाठी आहे असं दाखवून एकाच्याच मापाचा शिवला तर तो पास होतो. आम्ही त्यावर जो उपाय काढला तो मला आख्ख्या दीड महिन्यातला सगळ्यात कामाचा वाटतो. मूळ नियम २०५ सांगतो की ठराव पास झाला त्या क्षणापासून लागू. आम्ही ते बदलून एक पूर्ण फेरी उशिरा लागू असं केलं. बस. तेवढ्या एका फेरीत प्रत्येकाची एक पाळी होते, म्हणजे ज्याच्या विरोधात नियम केला त्यालाही तयारी करायला, दुरुस्ती मांडायला, किंवा चष्मा शोधायला वेळ मिळतो. आत्ता मी मागे आहे म्हणून आत्ताचा नियम, हा प्रकार बंद झाला, कारण फेरीनंतर मागे कोण असेल ते कुणालाच माहीत नसतं. स्वतःचा असा खेळ कोणी बनवत असेल तर एवढी एक गोष्ट नक्की घ्या.

दुसरा उपाय पार फसला. प्रत्येक नवा नियम चार फेऱ्यांनी आपोआप मरणार, हवा असेल तर पुन्हा मांडा, असं ठरवलं होतं. कागदावर झकास. प्रत्यक्षात पाचव्या फेरीपासून सगळे जण जुनेच नियम पुन्हा पुन्हा मांडत बसले, नवीन काही नाही, लायसन रिन्यू करायच्या खिडकीसमोर उभं राहिल्यासारखं. काढून टाकला. मुळात नियम २०९ मध्ये बदलते नियम २५ च्या वर जाऊ द्यायचे नाहीत अशी मर्यादा आहेच, ती पुरते.

नंबरांचं प्रकरण मात्र वाचताना कोणाच्या लक्षात येत नाही, आमच्याही आलं नव्हतं. दोन बदलत्या नियमांत भांडण झालं तर ज्याचा नंबर लहान तो वरचढ (२११). आणि जुना नियम दुरुस्त केला की त्याला दुरुस्तीच्या ठरावाचा नंबर मिळतो (१०८). हे दोन एकत्र ठेवा. तिसऱ्या डावात धाकट्याने ३०४ मांडला: मतदानातून कुणालाही एका वेळी ३ पेक्षा जास्त पॉइंट मिळणार नाहीत. पहिलीच फेरी, अजून एकमत चालू, विरोधाचे १० पॉइंट सुरूच झालेले नाहीत, आणि सुरू झाले तरी २०४ चा नंबर लहान म्हणजे तोच चालणार, मग ह्या ३०४ चा उपयोग काय? आम्ही त्याला चिडवलं, बिनकामाचा नियम म्हणून सगळ्यांनी अंगठा दिला, पास. तो गप्प. बहुमत सुरू झालं, विरोधकांना दहा-दहा मिळायला लागले, ३०४ वहीत धूळ खात पडलेला. मग मला वाटलं १० जरा जास्तच होतात, म्हणून ३१६ ला मी २०४ मध्ये दुरुस्ती मांडली, दहाचे सहा करा. पास झाली. धाकट्याने वही उघडली आणि म्हणाला, "२०४ आता राहिला नाही. तो ३१६ झाला. आणि ३०४ त्याच्या आधीचा आहे. म्हणजे सहा नाही, तीन."

तीन आठवडे हा मुलगा भांडी घासायच्या पाळीवरून माझ्याशी नीट वाद घालू शकला नव्हता, आणि इथे बारा ठराव आधी खड्डा खणून ठेवला होता. पेरलेलं उगवेपर्यंत गप्प बसणं हा ह्या खेळातला खरा डाव आहे असं माझं मत झालंय. म्हणून सांगते, प्रत्येक नियम वहीत लिहू नका, वेगवेगळ्या कार्डांवर लिहा आणि नंबरवारीने मांडून ठेवा. वहीत नियम मधेच खोडला जातो आणि त्याचा नवा नंबर कुठेतरी शेवटच्या पानावर असतो, आणि असल्या खड्ड्यात माणूस हमखास पडतो. आम्हाला हे चौथ्या डावानंतर सुचलं, आता वही अर्धी भरलीय.

चौथा डाव आम्ही तिघंच खेळलो, मी, धाकटा आणि ताई, ह्याच क्रमाने बसून. तिघांत खेळू नये असं सगळे म्हणतात कारण दोघं एक झाले की तिसरा मेला. उलटं झालं. मी आणि ताईने ठरवून (म्हणजे ठरवून नाही, २१० प्रमाणे पुढच्या नियमांबद्दल आपसात खलबतं करायची नसतात, आम्ही फक्त एकमेकींकडे बघितलं) धाकट्याला कोपऱ्यात घेतलं. प्रत्येक ठराव दोन विरुद्ध एक. आणि प्रत्येक ठरावाला धाकट्याच्या खात्यात दहा. आम्ही फाशावर दोन-तीन, दोन-तीन करत चाललोय आणि ज्याला दाबायचं तोच ६८ वर.

मग ताईने तिच्या पाळीला २०४ रद्दच करायचा ठराव आणला. दोन विरुद्ध एक, पास. धाकटा म्हणाला, "माझे दहा?" ताई म्हणाली, "कसले दहा, नियमच गेला."

आणि इथे पाऊण तास गेला. धाकट्याचं म्हणणं, नियम १०७ प्रमाणे कुठलाही बदल मतदान पूर्ण व्हायच्या आधी लागू होत नाही, मी मत दिलं तेव्हा २०४ जिवंत होता, त्याच्याखाली मी विरोध केला, माझे पैसे द्या. ताईचं म्हणणं, दहा मिळतात ते ठराव जिंकला म्हणून, आणि ठराव जिंकतो त्याच क्षणी २०४ मेलेला असतो, मेलेला नियम पॉइंट कसे वाटणार. दोघांचंही बरोबर वाटतं. मी आलटून पालटून दोघांनाही मान डोलावत होते.

अशा वेळी पंच कोण? नियम २१२, ज्याची पाळी चालू आहे त्याच्या आधीचा खेळाडू. पाळी ताईची, तिच्या आधी धाकटा. म्हणजे फिर्यादी पण तोच आणि न्यायाधीश पण तोच! ताईने कपाळाला हात लावला. त्याने अर्थातच स्वतःला दहा पॉइंट दिले. पण पंचाचा निकाल बाकी सगळ्यांनी एकमताने फिरवला तर फिरतो, आणि बाकी सगळे म्हणजे मी आणि ताई. फिरवला. निकाल फिरला की पंचाच्या आधीचा खेळाडू नवा पंच, म्हणजे मी.

आता मजा बघा. नियम २१३ मध्ये लिहिलंय की एखादी चाल पंचाला तितकीच नियमात आणि तितकीच नियमाबाहेर वाटली, तर जो खेळाडू आपली पाळी पुरी करू शकत नाही तो पहिला माणूस जिंकला. पाळी ताईची. म्हणजे मी प्रामाणिकपणे "दोघांचंही बरोबर आहे" म्हटलं असतं तर ताई तिथल्या तिथे जिंकली असती. ताईच्या हे माझ्या आधी लक्षात आलं होतं, ती एकदम गोड आवाजात म्हणाली, "तुला जे मनापासून वाटतं ते सांग हं." तिथे मी सावध झाले. विचार केला आणि निकाल धाकट्याच्या बाजूने दिला, दहा पॉइंट त्याचे. हा निकाल फिरवायला ताई आणि धाकटा यांचं एकमत लागणार, धाकटा कशाला हो म्हणतोय. ताई दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती.

ह्याच्यावरून माझी एक तक्रार. पंच खुर्चीवरून ठरतो हे मला पटत नाही. जागा बदलल्या नाहीत तर तुमच्या प्रत्येक वादात पंच कायम तोच माणूस, आणि तुमच्या आधी बसलेला तुमचा जानी दुश्मन असला तर आयुष्यभर उन्हात. आम्ही आता वाद झाला की फासा टाकून पंच काढतो, ज्यांचा वाद आहे ते सोडून. तिघांत ह्याचा काही उपयोग नाही, पण पाचांत फरक पडतो.

खुर्चीचाच आणखी एक घोळ मैत्रिणीने काढला. समोरासमोर न बसता पत्राने किंवा कॉम्प्युटरवर खेळायचं असेल तर फासा नसतो, तिथे ठरावाच्या नंबरातून २९१ वजा करायचे आणि जेवढी मतं बाजूने पडली त्या प्रमाणात पॉइंट. ३०१ पूर्ण पास झाला तर १०, ३०२ चे ११, असं वाढत जातं, आणि जिंकायला २००. तिने पाच जण धरून, सगळे ठराव एकमताने पास होतायत असं मानून, मांडलं. सात फेऱ्या झाल्या की पहिल्या खुर्चीचे १७५, चौथ्या खुर्चीचे १९६ आणि पाचव्या खुर्चीचे २०३. म्हणजे सगळे गुण्यागोविंदाने खेळले तर शेवटी बसलेला जिंकतो, न भांडता, काही न करता. तिचं म्हणणं, हा बग नाही, लोकांनी एकमेकांना नाही म्हणावं म्हणूनच हे असं आहे. माझं म्हणणं, पाचवी खुर्ची माझी.

तसं लांबून खेळणारे लोक आहेत आणि जोरात आहेत, अगोरा नावाचा नॉमिकचा एक डाव १९९३ पासून इंटरनेटवर चालू आहे. तिथले नियम बघितले तर आपले २९ म्हणजे बालवाडी वाटते. मी अर्धा तास वाचलं आणि बंद केलं, तो अभ्यास झाला, खेळ नाही. पण एवढी वर्षं एक डाव मोडत नाही ह्याचा अर्थ नियम बदलणाऱ्यांच्या हातात नियम देऊनही ते लगेच स्वतःच्या पायावर धोंडा मारत नाहीत, एवढं तरी सिद्ध होतं.

ज्यांना एवढं डोकं लावायचं नाही त्यांच्यासाठी फ्लक्स आहे, पत्त्यांचा, अँड्र्यू लूनी यांचा, १९९७ पासून मिळतो. एक पत्ता उचला, एक पत्ता टाका, इथून सुरुवात आणि मग पत्तेच नियम बदलत जातात, जिंकायचं कसं ते पण बदलतं. वीस मिनिटं धमाल. पण तिथे नियम तुम्ही करत नाही, बनवणाऱ्याने केलेले नियम तुमच्या हातात येतात, त्यामुळे असमतोल फारसा होत नाही आणि आखणी पण होत नाही, वारा येईल तिकडे. कोऱ्या कार्डांचा खेळ पण खेळून बघितला, ज्यात आपणच कार्डावर चित्र आणि नियम काढायचे. तिथे लोक पहिल्या दहा मिनिटांत "मला हजार पॉइंट" लिहितात, मग दुसरा "मला दहा हजार" लिहितो, आणि मग आकड्यांना काही अर्थच राहत नाही, उरतात ती चित्रं. त्यातली चांगली कार्डं शेवटी निवडून पुढच्या डावाला ठेवतात, म्हणजे गाळणी डावाच्या शेवटी आहे. नॉमिकमध्ये गाळणी दर ठरावाला आहे, म्हणून नॉमिक हळू आणि म्हणून नॉमिक टिकतो. आणि एक माओ, पत्त्यांचाच, ज्यात नियम सांगायचेच नसतात आणि चुकलं की पत्ता उचला. नव्या माणसाला रडकुंडीला आणायचा खेळ, मला नाही आवडला.

कुणी घ्यावा (घ्यावा म्हणजे काय, छापावा): चार किंवा पाच जण असाल तर. दोघांत अर्थ नाही, तिथे बहुमत म्हणजेच एकमत. सात-आठांत पाळी येईपर्यंत माणूस झोपतो. रडीचा डाव खेळणाऱ्याला घेऊ नका, आणि घेतलाच तर त्याला सांगा की नियम ११३ प्रमाणे कधीही डाव सोडता येतो, त्याला कुणी अडवणार नाही. नवरा-बायको एकाच डावात असतील तर २१० चा काही उपयोग नाही हे मान्य करून टाका, आम्ही दोन दिवस मान्य करत नव्हतो. पहिले दोन तास बोअर होतं, ते होऊ द्या, तिथे घाईने नियम आणू नका. छापील मजकुराची भाषा कायद्याची आहे, ती एकाने आधी वाचून बाकीच्यांना साध्या शब्दांत सांगावी, आमच्याकडे धाकट्याने सांगितली आणि त्याने काय काय सांगितलं नाही ते आता कळतंय. समतोलाला मी मूळ नियमांना पाचपैकी तीन देईन, मूठ उघडणं आणि एक फेरी उशीर हे दोन घातल्यावर चार. पाचवा पंचाच्या खुर्चीने खाल्ला.

पाचवा डाव शनिवारी ठरलाय. धाकटा म्हणतो तो ह्या वेळी २१३ वाला विजय मिळवणार, म्हणजे असा नियम आणणार की जो पाळला तर मोडतो आणि मोडला तर पाळला जातो, आणि स्वतःची पाळी अडकवून जिंकणार. मागे एकदा प्रयत्न केला होता त्याने, दोन विरुद्ध तीन पडला, ते दुसरं मत भाऊजींचं, निव्वळ गंमत म्हणून. पण शनिवारचं अजून नक्की नाही, कारण वही ताईकडे आहे आणि ती देत नाहीये. म्हणते २९ नियमांत वही कोणाकडे ठेवायची ते कुठे लिहिलंय दाखव. मी तीनदा वाचलं. कुठेच नाही.